घड्याळवाले सराफ

विसावं शतक संपत आलं होतं, तेव्हा तनिष्क या दागिन्यांच्या दुकानांत एक यंत्र येऊन बसलं. नाव कॅरटमीटर. गिऱ्हाइकानं हातातली पाटली काढून द्यायची, ती यंत्राच्या पेटीत ठेवायची, आणि काही मिनिटांत तिच्यात सोनं किती टक्के, तांबं किती, चांदी किती हे समोर वाचायचं. वितळवायला नको, कापायला नको, कसोटीच्या दगडावर घासायलाही नको. आपल्याकडे सोन्याचा कस पिढ्यान्‌पिढ्या सराफाच्या नजरेवर आणि शब्दावर ठरत आलेला. जुना दागिना मोडीत घालायला नेला की घट किती धरायची ते तोच सांगणार. बावीस कॅरट म्हणून घेतलेला डाग खरोखर बावीस कॅरटचा आहे का, हे घरच्या सराफाला विचारणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं. यंत्राला अशी भीड नव्हती. समोरचा आकडा वाचून पुष्कळांना धक्का बसला.

यंत्रामागचं विज्ञान जुनंच आहे. धातूवर क्ष-किरणांचा झोत सोडला की अणूच्या आतल्या कक्षेतला एखादा इलेक्ट्रॉन उडून जातो. त्याची जागा भरायला बाहेरच्या कक्षेतला इलेक्ट्रॉन आत उतरतो आणि उतरताना स्वतः एक क्ष-किरण सोडतो. या किरणाची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यासाठी ठरलेली असते. सोन्याची वेगळी, तांब्याची वेगळी, डाख देताना वापरल्या जाणाऱ्या कॅडमियमची वेगळी. ऊर्जेवरून धातू ओळखायचा आणि किरणांच्या संख्येवरून त्याचं प्रमाण काढायचं. मर्यादा एकच: किरण पृष्ठभागाच्या पातळ थरापर्यंतच पोचतात, त्यामुळे जाड मुलामा या पद्धतीला फसवू शकतो. घरातल्या नेहमीच्या पाटल्या-बांगड्यांची शंका फिटायला मात्र एवढं पुरे होतं.

असं यंत्र विकत मिळत होतं. ज्याच्या गाठीला पैसे, त्याला ते आणता येत होतं. तरीही ते गिऱ्हाइकासमोर मांडून त्याभोवती अख्खा धंदा उभा करण्याचं काम एखाद्या पिढीजात पेढीनं केलं नाही. ते केलं तनिष्कची मालक असलेल्या टायटननं, म्हणजे देश जिला घड्याळांची कंपनी म्हणून ओळखत होता तिनं. आज त्या कंपनीच्या उत्पन्नाचा चार-पंचमांशाहून मोठा वाटा दागिन्यांतून येतो. नावातलं घड्याळही गळालं: १९९३ साली ‘टायटन वॉचेस’ची ‘टायटन इंडस्ट्रीज’ झाली आणि २०१३ साली नुसती ‘टायटन कंपनी’.

जुन्या कंपनीच्या पोटी जन्मलेला नवा धंदा कशावर वाढतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. भांडवल, नाव, जागा या गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून श्रेय त्यांना जातं. पण भांडवल आणि नाव असूनही बुडालेले असे उद्योग ढिगानं सापडतील. टायटनच्या गोष्टीत निर्णायक ठरलं ते कंपनीला काय येत होतं हे, आणि त्यातलं नव्या घरी काय न्यायचं याची निवड.

एका टूल रूमची वंशावळ

ही गोष्ट टायटनच्याही आधी सुरू होते. १९५३ साली बंगळुरूत हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटी ही सरकारी कंपनी उभी राहिली. स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉन कंपनीचं तांत्रिक साहाय्य घेऊन ती लेथसारखी यंत्रं बनवू लागली. आठ वर्षांनी, १९६१ साली, याच कंपनीनं जपानच्या सिटिझन कंपनीशी हातमिळवणी करून मनगटी घड्याळांचा कारखाना काढला. कुठे क्रेननं उचलायचा लेथ आणि कुठे मनगटावरचं घड्याळ! पण कारखान्याच्या आत शिरलं की ही उडी तितकी लांब वाटत नाही. घड्याळाचे बारीक दातेरी भाग हजारोंच्या संख्येनं तंतोतंत सारखे काढायचे तर त्यासाठी आधी डाय, जिग, गेज बनवावे लागतात, आणि ते बनवणाऱ्या माणसाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची फिकीर असावी लागते. यंत्रं बनवणाऱ्या कारखान्याच्या टूल रूममध्ये अशी माणसं तयार होत होती. घड्याळ हे त्यांच्या कामाचं छोटं रूप होतं.

‘जनता’, ‘कांचन’ अशा नावांची एचएमटी घड्याळं पुढची वीस-पंचवीस वर्षं देशाच्या मनगटावर राहिली. लग्नात जावयाला एचएमटी द्यायची तर ओळख लावावी लागे. जुन्या कंपनीतल्या नव्या धंद्याचं हे भारतातलं एक ठळक यश होतं, आणि ते बनवण्याच्या ज्ञानावर उभं होतं.

१९८४ साली टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचं औद्योगिक विकास महामंडळ म्हणजे टिडको यांनी मिळून टायटन काढली. कारखाना होसूरला: कागदोपत्री तमिळनाडूत, पण बंगळुरूच्या शेजारी. प्रमुख होते झर्क्सेस देसाई, आणि ते आले होते टाटा प्रेसमधून, म्हणजे छपाईच्या धंद्यातून. घड्याळांचं ज्ञान टाटांच्या घरात नव्हतंच. ते दोन वाटांनी आलं. एक वाट फ्रान्सच्या फ्रान्स एबॉश कंपनीकडून घेतलेल्या तंत्रज्ञानाची. दुसरी वाट जवळची: एचएमटीतले कितीतरी अनुभवी अभियंते होसूरला आले.

या दोन वाटांतला फरक पुढच्या सगळ्या गोष्टीला लागू पडतो. करार केला की आराखडे मिळतात, यंत्रांची यादी मिळते, कुठल्या धातूला किती उष्णता द्यायची त्याचे तक्ते मिळतात. पण प्रेस चालू असताना आवाजात पडलेला किंचित फरक ऐकून ‘डायची धार गेली’ हे ओळखणं कुठल्याच तक्त्यात नसतं. मायकेल पोलान्यी या विचारवंतानं १९६६ साली या अबोल ज्ञानावर छोटंसं पुस्तक लिहिलं. माणसाला जेवढं सांगता येतं त्याहून त्याला ठाऊक असलेलं जास्त असतं, हे त्याचं म्हणणं. हे जास्तीचं ज्ञान टपालानं जात नाही. ते माणसाबरोबर जातं आणि नवख्याला त्या माणसाशेजारी उभं केलं तरच पुढे सरकतं. होसूरच्या कारखान्यासाठी तमिळनाडूतल्या गावोगावच्या शाळांतून मुलं-मुली निवडली गेली, आणि जाणत्यांच्या हाताखाली त्यांचे हात तयार झाले.

टायटननं पहिल्यापासून भर दिला क्वार्ट्झ घड्याळावर. क्वार्ट्झचा स्फटिक विजेच्या जोरावर सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा म्हणजे २ चा पंधरावा घात, म्हणून एका छोट्या मंडलानं त्याला पंधरा वेळा निम्मं केलं की सेकंदाला एक ठोका उरतो आणि त्यावर काटा पुढे सरकतो. क्वार्ट्झ एचएमटीनंही बनवलं होतं, पण तिचा जीव चावीच्या घड्याळांत अडकला होता. शिवाय तिच्याकडे बनवण्याचं ज्ञान उत्तम आणि विकण्याचं बेताचं. मागणी पुरवठ्याहून जास्त असली की विकायला शिकण्याची गरजच पडत नाही. टायटननं ती उणीव ओळखली. १९८७ साली बंगळुरूत पहिलं दालन उघडलं, वर्तमानपत्रांत घड्याळांची चित्रं किमतींसकट छापली, मोझार्टच्या पंचविसाव्या सिम्फनीची धून जाहिरातीला घेतली. दुरुस्तीवाल्याच्या टपरीत मिळणारी वस्तू काचेच्या दालनात निवडून, पाहून, पसंत करून घ्यायची सवय लोकांना लावली. एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करण्याचा निर्णय सरकारनं २०१६ साली घेतला. हात तिच्याकडे शेवटपर्यंत होते. गिऱ्हाइकाची नाडी हातातून सुटली होती.

तोट्याची वर्षं

दागिन्यांची कल्पना आली ती सोन्याच्या प्रेमातून नव्हे, परकीय चलनाच्या टंचाईतून. १९९१ च्या सुमारास देशाची तिजोरी रिकामी होती आणि टायटनला घड्याळांचे सुटे भाग बाहेरून आणायला डॉलर लागत होते. दागिने आणि रत्नजडित घड्याळं बनवून परदेशात विकावीत आणि त्या पैशांत आयात भागवावी, असा बेत ठरला. होसूरला दागिन्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे चलनाची टंचाई सरली, आयातीचे नियम सैल झाले आणि मूळ कारणच उरलं नाही. कारखाना मात्र उभा होता. तेव्हा देशातच विकायचं ठरलं आणि १९९६ साली चेन्नईत तनिष्कचं पहिलं दुकान उघडलं.

पहिल्या तनिष्कमध्ये टायटनपण गरजेपेक्षा जास्त होतं. घड्याळाच्या धंद्यात एक गोष्ट टायटनला पक्की कळली होती: वस्तू देखणी करा, रचना आधुनिक ठेवा, दालन झगमगतं करा, लोक जास्त पैसे मोजतील. तोच धडा सोन्याला लावला गेला. दागिने अठरा कॅरटचे, खडे जडवलेले, युरोपच्या वळणाचे. अठरा कॅरट म्हणजे ७५ टक्के सोनं. मिश्रण कडक असतं, खडा घट्ट बसतो, नाजूक नक्षी टिकते. कारागिरीच्या दृष्टीनं निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

पण आपल्याकडे दागिना घेणारं घर एकाच वेळी दोन वस्तू घेत असतं. एक अंगावर घालायची आणि एक अडीनडीला मोडायची. मुलीच्या लग्नात दिलेलं सोनं हे तिचं स्वतःचं भांडवल असतं. त्याला बावीस कॅरट, म्हणजे ९१.६ टक्के, हाच मान. अठरा कॅरटचा नेकलेस अशा घराला सुंदर वाटतो, पण सोनं वाटत नाही. आणि घडणही गावागावाची वेगळी. कोल्हापूरकडच्या घराला ठुशी हवी, साज हवा; तमिळ घराला तिच्या वळणाचं हवं; बंगाली घराला तिसरंच काही. हे ज्ञान सराफ कट्ट्यावरच्या लहानशा पेढीकडेही होतं, टायटनकडे नव्हतं. पहिली काही वर्षं तोट्यात गेली आणि हा धंदा बंद करावा अशी चर्चाही झाली.

वळण आलं ते एक पाऊल मागे घेतल्यावर. तनिष्क बावीस कॅरटवर आलं, लग्नाच्या दागिन्यांकडे वळलं, प्रांताप्रांताची घडण शिकू लागलं. आणि मग कॅरटमीटर. त्याच्या जोडीला एक योजना आली: तुमचा जुना दागिना एकोणीस ते बावीस कॅरटच्या दरम्यान भरला, तर फक्त घडणावळ देऊन तेवढ्याच वजनाचा बावीस कॅरटचा दागिना घेऊन जा. मधला फरक कंपनी सोसणार. सोन्याच्या शुद्धतेवर हॉलमार्क मारण्याची भारतीय मानक ब्युरोची योजनाच मुळी २००० साली आली आणि हॉलमार्क सक्तीचा व्हायला २०२१ चा जून उजाडला. म्हणजे यंत्र आलं तेव्हा शुद्धतेची सरकारी खूण बाजारात नव्हती. ती पोकळी एका घड्याळाच्या कंपनीनं मोजमापानं भरली.

हे तिलाच का सुचलं, याचं उत्तर तिच्या अंगातल्या सवयीत आहे. ज्या कारखान्यात रोज प्रत्येक भाग गेजला लावून पाहतात, तिथल्या माणसाला मोजणं हा अपमान वाटत नाही. छापील किमतीला घड्याळ विकणाऱ्याला गिऱ्हाइकापुढे सगळं उघडं ठेवण्याचं भय नसतं. आणि ज्याच्या मागे चार पिढ्यांची पत नाही, त्याला पतीऐवजी पुरावा द्यावाच लागतो. जाणत्या पेढीला यंत्राची गरज भासली नाही, कारण तिच्याकडे शब्द होता. टायटनकडे सोन्याच्या बाबतीत शब्द नव्हता. अज्ञानाच्या जागी तिनं आपल्या जुन्या ज्ञानातला सर्वांत पक्का भाग आणून बसवला.

नेलेलं, ठेवलेलं, आणलेलं

भारतीय वंशाचे व्यवस्थापनतज्ज्ञ विजय गोविंदराजन आणि त्यांचे सहकारी ख्रिस ट्रिंबल यांनी २००५ साली जुन्या कंपन्यांतल्या नव्या धंद्यांवर पुस्तक लिहिलं. अशा धंद्याला तीन कामं साधावी लागतात, असं ते सांगतात: काही विसरणं, काही उसनं घेणं आणि काही नव्यानं शिकणं. तनिष्कची गोष्ट या तीन खणांत मांडली की तिची गुंतागुंत कळते.

उसनं घेतलं ते मोजमाप, दालन चालवण्याची रीत आणि रचनाकारांचा विभाग. घड्याळाची दालनं उघडताना टायटन एक गोष्ट शिकली होती: दुकान स्थानिक भागीदारानं चालवायचं, पण मांडणी, वागणूक, हिशेब सगळं कंपनीच्या शिस्तीत. हीच घडी दागिन्यांच्या दुकानांना लावता आली. एखाद्या नव्या सराफाला अशी शेकडो दुकानं एका शिस्तीत चालवायला शिकण्यात पिढी गेली असती.

विसरलं ते ‘दागिना ही फॅशनची वस्तू’ हे गृहीत. विसरण्याचं काम सर्वांत कठीण, कारण ज्या समजुतीवर आपण मोठे झालो तीच सोडायची असते. डोरोथी लेनर्ड-बार्टन या अभ्यासिकेनं १९९२ साली हे नेमकं दाखवलं: कंपनीचं जे बलस्थान असतं तेच नव्या कामात तिचा ताठरपणा होतं. टायटनच्या ताठरपणाची किंमत तोट्याच्या त्या वर्षांत मोजून झाली.

नव्यानं शिकण्याची यादी लांबलचक होती. सोन्याचा भाव रोज बदलतो. घड्याळाचा साठा कपाटात पडून राहिला तर फार तर जुना होतो. सोन्याचा साठा भावाबरोबर वर-खाली होऊन नफा गिळू शकतो. त्यासाठी टायटननं बँकांकडून सोनं भाडेतत्त्वावर घेण्याची पद्धत अंगी बाणवली. सोनं आणायचं, दागिना विकला जाईपर्यंत त्याचा भाव ठरवायचा नाही, म्हणजे चढउताराचा धोका अंगावर येत नाही. २०१३ साली सरकार आणि रिझर्व्ह बँकेनं सोन्याच्या आयातीवर कडक बंधनं घातली, तेव्हा ही पद्धत काही काळ अडचणीत आली आणि या ज्ञानाची किंमत कंपनीला आणखी कळली. दुसरा विषय कारागिरांचा. दागिना घडवणारा हात बहुतेक वेळा कोंदट खोलीत, वायुवीजनाशिवाय, ठेकेदाराच्या मर्जीवर जगत आलेला. टायटननं होसूरला कारागीर पार्क उभारला: स्वच्छ जागा, नीट उजेड, चांगली अवजारं. कारखान्याची शिस्त आणि कारागिराचा हात एका छपराखाली आले. इथे शिकवणारा कोण आणि शिकणारा कोण, हे ठरवणं अवघड होतं.

बाहेरचं ज्ञान आत यायचं तर ते ओळखणारं कुणी आत असावं लागतं. वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल यांनी १९९० साली मांडलेला मुद्दा हाच: नवी माहिती पचवण्याची ताकद आधीच्या माहितीवर अवलंबून असते. ज्ञान विरजणासारखं असतं. दिलं म्हणून देणाऱ्याचं कमी होत नाही, पण घेणाऱ्याच्या घरी दूध तापवून कोमट करून ठेवलेलं नसेल तर नुसतं विरजण नेऊन दही लागत नाही. टायटनला धातूचं वागणं कळत होतं, म्हणून कारागिराचं म्हणणं कळू शकलं.

फिल्मच्या आत काय होतं

हीच गोष्ट दुसऱ्या टोकानं पाहायची तर जपानच्या फुजीफिल्मकडे जावं लागतं. टायटनला नवा धंदा करायची सक्ती नव्हती, फुजीला होती. १९३४ साली स्थापन झालेल्या या कंपनीचा कणा होता फोटोची फिल्म. २००० साली जगभरात फिल्मची मागणी शिखरावर पोचली आणि मग डिजिटल कॅमेऱ्यांमुळे काही वर्षांतच कोसळली. कंपनीची सूत्रं तेव्हा शिगेताका कोमोरी यांच्या हाती होती. त्यांनी आपल्या संशोधकांना सांगितलं ते असं: आपल्याला काय काय येतं त्याची यादी करा आणि ती बाजारांच्या यादीशेजारी ठेवून पाहा.

‘आम्ही फिल्म बनवतो’ असं उत्तर दिलं असतं तर यादी एका ओळीत संपली असती. पण रंगीत फिल्म ही मोठी अवघड वस्तू आहे. पारदर्शक पट्टीवर साधारण वीस मायक्रॉन जाडीत वीसेक थर एकावर एक चढवायचे, तेही एकमेकांत न मिसळता. थरांत जिलेटिन असतं, आणि जिलेटिन बनतं कोलॅजेनपासून. रंग फिके पडू नयेत म्हणून ऑक्सिडीकरण रोखावं लागतं. रसायनांचे कण अतिसूक्ष्म करून सारखे पसरवावे लागतात. आता हीच यादी उत्पादनाचं नाव पुसून वाचा. कोलॅजेन, ऑक्सिडीकरणाला अटकाव, सूक्ष्म कण: हे शब्द त्वचेवर काम करणाऱ्या माणसाचेही आहेत. २००७ साली फुजीनं ‘अ‍ॅस्टालिफ्ट’ नावाची त्वचेची प्रसाधनं बाजारात आणली. त्यातलं अ‍ॅस्टाझँथिन हे लालसर द्रव्य त्वचेत मुरेल इतकं बारीक करणं हे तिच्या जुन्या हातांचं काम होतं. फिल्मच्या पारदर्शक पट्टीचं ज्ञान टीव्ही आणि संगणकाच्या एलसीडी पडद्यांना लागणाऱ्या संरक्षक फिल्ममध्ये गेलं आणि तिथे तर ते कितीतरी मोठ्या प्रमाणावर विकलं गेलं. औषधांचं ज्ञान मात्र घरात पुरेसं नव्हतं, म्हणून २००८ साली तोयामा केमिकल ही औषध कंपनी विकत घेतली.

अमेरिकेची कोडॅकही रसायनांत कच्ची नव्हती. डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ साली तिच्याच एका तरुण अभियंत्यानं, स्टीव्ह सॅसन यांनी, बनवला होता. औषधांच्या धंद्यातही ती फुजीच्या वीस वर्षं आधी उतरली: १९८८ साली तिनं स्टर्लिंग ड्रग ही कंपनी ५.१ अब्ज डॉलरना घेतली आणि १९९४ साली तुकड्यांनी विकून टाकली. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. दोन्ही कंपन्यांनी पैसे ओतले, दोघींनी बाहेरच्या कंपन्या घेतल्या. पण आपल्याला येणाऱ्या गोष्टी उत्पादनापासून सोडवून वेगळ्या मोजणं फुजीनं केलं, आणि मगच बाहेर हात घातला. आपल्या ज्ञानाचा सांधा नव्या धंद्याशी नेमका कुठे जुळतो हे ठाऊक असल्याशिवाय विकत घेतलेली कंपनी परकीच राहते.

परतीची वाट

नव्या धंद्यानं घेत राहायचं आणि जुन्यानं देत राहायचं, असा हा व्यवहार समजला तर जुनं घर लवकर कंटाळतं. उत्तम माणसं तिकडे गेली, नफा इकडचा खर्च झाला, अशी कुरकुर सुरू होते, आणि ती अगदीच चुकीची नसते. ज्ञान परत येताना दिसलं की ती शमते.

टायटनमध्ये परतीची ही वाट दिसते. २००२ साली तिनं ‘एज’ नावाचं घड्याळ आणलं: जाडी साडेतीन मिलिमीटर, आतलं यंत्र १.१५ मिलिमीटर. एवढं पातळ यंत्र जुळवताना जी साधनं लागतात ती बाजारात तयार मिळत नाहीत, स्वतः बनवावी लागतात. घड्याळासाठी स्वतःची साधनं बनवणाऱ्या त्या टूल रूमला मग जाणवलं की हे काम इतर कारखान्यांनाही हवं आहे. त्यातून अचूक अभियांत्रिकीचा विभाग वाढला, विमानांच्या उद्योगाला सुटे भाग आणि इतर कारखान्यांना जुळणीची स्वयंचलित यंत्रं पुरवू लागला, आणि पुढे ‘टायटन इंजिनीअरिंग अँड ऑटोमेशन’ ही वेगळी उपकंपनी झाली. १९५३ साली यंत्रं बनवण्यातून निघालेलं ज्ञान एचएमटीतून घड्याळांत आलं आणि होसूरमार्गे पुन्हा यंत्रांकडे वळलं.

२००७ साली चष्म्यांचा धंदा सुरू करताना तर कंपनीला तनिष्कचा धडा पाठ झालेला होता. चष्म्यात दालनाचं ज्ञान घरचं होतं, पण डोळे तपासणाऱ्याचं ज्ञान वैद्यकाचं होतं. ते घडवायला चेन्नईच्या शंकर नेत्रालयाची मदत घेतली. आपल्याला काय येत नाही हे पहिल्या दिवशी मान्य करणं, हे तोट्याच्या वर्षांतून परत आलेलं ज्ञान होतं. सगळीकडे ते उपयोगी पडलंच असं नाही. नव्वदच्या दशकात युरोपात घड्याळं विकण्याचा टायटनचा प्रयत्न बराच पैसा खाऊन संपला. गिऱ्हाइकाची नाडी होसूरहून पॅरिसला नेता आली नाही.

चाकणच्या दारात

हा सगळा विचार आपल्याकडे आज कुणाच्या उपयोगाचा? पिंपरी-चिंचवड, चाकण, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या लहान-मोठ्या कारखान्यांच्या मालकांच्या. पेट्रोलच्या दुचाकीत पिस्टन असतो, क्रँकशाफ्ट असतो, व्हॉल्व्ह असतात. विजेवर चालणाऱ्या दुचाकीत यांतलं काहीच नसतं. वर्षानुवर्षं एकच भाग पुरवणाऱ्याच्या मागणीचा पाया हळूहळू सरकतो आहे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांनी असा बदल एकदा पचवलेला आहे. खेड्यापाड्यांत वीज पोचली, शेतावरच्या ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, आणि इंजिनाचं ओतकाम करणारे हात वाहनांच्या ओतकामाकडे वळले. ज्यांनी ‘आम्ही इंजिनवाले’ म्हणून स्वतःची ओळख करून घेतली होती त्यांची फरफट झाली. ‘आम्ही ओतकामवाले’ म्हणणारे तरले.

पिस्टन बनवणाऱ्यानं म्हणूनच पहिल्यांदा आपल्या उत्पादनाचं नाव खोडून यादी करावी. अ‍ॅल्युमिनियमचं मिश्रण ओतता येतं, उष्णतेनं ते किती फुगेल याचा अंदाज आहे, मायक्रॉनमध्ये घासून देता येतं, लाखाच्या संख्येत एकसारखं देता येतं, वाहन कंपनीची तपासणी पास होण्याची सवय आहे. विजेच्या मोटारीचं आवरण, बॅटरी थंड ठेवणारे भाग, दातेरी चाकांची पेटी यांना यांतलं बरंच लागतं. मग दुसरी यादी करावी, अप्रिय गोष्टींची: इथे इलेक्ट्रॉनिक्स कुणाला कळत नाही, गिऱ्हाईक दोन-तीनच आहेत, आणि ‘आमचं असंच चालत आलंय’ हे वाक्य रोज ऐकू येतं. या यादीतलं काही बाहेरून माणूस आणून भरावं लागेल, काही सोडून द्यावं लागेल.

तिसरा निर्णय सगळ्यांत महाग पडतो. नव्या कामावर कुणाला पाठवायचं? बहुतेक मालक जुन्या लाइनवर ज्याची फारशी गरज नाही असा माणूस देतात, कारण चांगल्या माणसाविना आजचा माल अडतो. त्या माणसाबरोबर नव्या लाइनवर वेतन जातं, अनुभव जात नाही. प्रेसचा आवाज ऐकून धार ओळखणारा फोरमन ज्या दिवशी नव्या शेडमध्ये उभा राहतो आणि त्याच्या शेजारी इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली एखादी मुलगी त्याला प्रश्न विचारू लागते, त्या दिवसापासून नवा धंदा खरा सुरू झाला असं समजावं. जुन्या लाइनवर त्या महिन्यात उत्पादन घटेल. ती घट म्हणजेच नव्या धंद्यातली खरी गुंतवणूक; बँकेचं कर्ज त्यानंतरचं.